श्रेष्ठतेचा वाद आणि विज्ञानपटाची संकल्पना

एखाद्या कलाप्रकारातील सर्वश्रेष्ठ कृती कोणत्या, हा प्रश्न विद्यापीठीय समीक्षेने बहुधा टाळलेला आहे. क्रमवारी लावणे हे समीक्षकाचे काम नव्हे, त्याचे काम विश्लेषणाचे आणि अर्थनिर्णयनाचे, अशी भूमिका एकदा घेतली की या प्रश्नातून सुटका होते. चाहत्यांना अशी सुटका नको असते. विज्ञानकल्पनेवर उभ्या राहिलेल्या चित्रपटांच्या, म्हणजे विज्ञानपटांच्या, चाहत्यांमध्ये हा वाद अनेक दशके हिरिरीने चालत आलेला आहे. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ श्रेष्ठ की ‘ब्लेड रनर’, ‘स्टार वॉर्स’ला यादीत मुळात जागा द्यावी की नाही, तारकोव्हस्कीचा ‘सोलारिस’ किती वर ठेवावा, या प्रश्नांची उत्तरे पिढीगणिक बदलतात; वाद मात्र मिटत नाही. अभ्यासक त्याकडे हौशी मंडळींचा विरंगुळा म्हणून पाहतात. पण जो वाद इतका काळ टिकतो आणि ज्यात भाग घेणारे परस्परांना सतत कारणे देत राहतात, त्याचे तार्किक स्वरूप काय आहे, हा प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेत येतोच. वाङ्मयप्रकाराची संकल्पना आणि मूल्यनिर्णय यांचे नाते कसे असते, हे या वादात जितके उघडपणे दिसते तितके समीक्षेच्या सावध परिभाषेत क्वचितच दिसते.

१

या वादाला संस्थात्मक रूप लाभले ते अमेरिकेत. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू केले. त्यातील पत्रव्यवहारात पत्रलेखकांचे पत्तेही छापले जात. त्यामुळे वाचक संपादकाला वगळून एकमेकांनाच पत्रे लिहू लागले. त्यातून मंडळे आणि हौशी नियतकालिके निघाली, आणि १९३९ साली न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. १९५३ साली फिलाडेल्फियाच्या संमेलनात गर्न्सबॅक यांच्या नावाने ओळखले जाणारे ह्यूगो पुरस्कार प्रथम देण्यात आले. या पुरस्कारांसाठी नामांकने सुचवतात ते संमेलनाचे सभासद आणि अंतिम मतदान करतात तेही सभासदच. तज्ज्ञांची समिती येथे नसते. चाहत्यांच्या अभिरुचीचा सलग पुरावा म्हणून या पुरस्कारांच्या नोंदीकडे पाहता येते.

या नोंदीतील दोन घटना विशेष बोलक्या आहेत. ह्यूगोच्या मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहावयाचा असतो आणि त्यात ‘पुरस्कार देऊ नये’ असाही एक पर्याय असतो. १९७७ साली नाट्यात्म सादरीकरणाच्या विभागात याच पर्यायाला विजय मिळाला. त्या वर्षीच्या नामांकनांत ‘लोगन्स रन’ होता, तसाच निकोलस रोग यांचा ‘द मॅन हू फेल टू अर्थ’ही होता. चाहत्यांचा वाद म्हणजे निव्वळ सापेक्ष आवडीनिवडीची मोजणी असती, तर चार-पाच कृतींपैकी कोणती तरी एक पहिली आलीच असती. ‘यांपैकी एकही पात्र नाही’ असे म्हणता येण्यासाठी मतदाराच्या मनात समोरच्या कृतींहून स्वतंत्र अशी पात्रतेची काही कल्पना असावी लागते. त्या वर्षीचा निर्णय बरोबर होता की नाही, हा प्रश्न वेगळा. रोग यांच्या चित्रपटाला पुढे मिळालेली प्रतिष्ठा पाहता तो शंकास्पदच वाटतो. परंतु निर्णय चुकला असे म्हणता येणे, हेच तो निर्णय असल्याचे गमक आहे. केवळ आवड चुकत नसते.

दुसरी घटना १९७० सालची. त्या वर्षी याच विभागातला पुरस्कार कोणत्याही कल्पित कृतीला न मिळता ‘अपोलो ११’च्या चांद्रमोहिमेच्या दूरचित्रवाणी वृत्तांकनाला मिळाला. प्रत्यक्ष घडलेल्या घटनेचे वार्तांकन ‘नाट्यात्म सादरीकरण’ कसे ठरते, असा आक्षेप कोणीही घेऊ शकेल. तरीही मतदारांच्या दृष्टीने त्यात विसंगती नव्हती. ज्या अनुभवासाठी ते हा कलाप्रकार जवळ करीत होते, तो अनुभव त्या रात्री त्यांना वास्तवातूनच मिळाला होता. २०१७ साली ‘हिडन फिगर्स’ या चित्रपटाला मिळालेले नामांकनही याच वाटेने आले. अमेरिकी अंतराळ कार्यक्रमातील कृष्णवर्णीय स्त्री-गणितज्ञांच्या या चरित्रपटात कल्पित विज्ञान जवळजवळ नाहीच. चाहते प्रकाराची सीमा कथावस्तूच्या काल्पनिकतेवरून ठरवीत नसून अनुभवाच्या गुणावरून ठरवितात, असे या दोन उदाहरणांवरून म्हणता येईल.

२

येथे एक महत्त्वाची गुंतागुंत लक्षात घ्यावयास हवी. ‘श्रेष्ठ विज्ञानपट’ या शब्दप्रयोगात दोन प्रश्न एकत्र आलेले असतात : हा चित्रपट चित्रपट म्हणून चांगला आहे काय, आणि हा चित्रपट विज्ञानपट आहे काय. पहिला प्रश्न मूल्यात्मक आणि दुसरा वर्गीकरणात्मक, अशी विभागणी करण्याचा मोह होतो. प्रत्यक्ष वादात ती टिकत नाही.

‘स्टार वॉर्स’चे उदाहरण घ्यावे. १९७८ साली स्पीलबर्गच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ला मागे टाकून त्याने ह्यूगो मिळविला. तरीही तो विज्ञानपट नव्हेच, असे म्हणणारा एक ठाम पक्ष चाहत्यांमध्ये आहे. राजकन्या, दुष्ट साम्राज्य, खड्गयुद्ध, गूढ शक्तीची दीक्षा देणारा गुरू ही सारी सामग्री अद्भुतरम्य कथेची आहे; अंतराळयाने हा केवळ वेश आहे; शिवाय कथा भविष्यात न घडता दूरच्या भूतकाळात घडते, असा त्यांचा युक्तिवाद असतो. हा युक्तिवाद वर्गीकरणाचा दिसतो, पण त्याचा स्वर तक्रारीचा असतो. ‘हा विज्ञानपट नाही’ या विधानात ‘विज्ञानपटाने जे साधावयास हवे ते याने साधलेले नाही’ असा मूल्यनिर्णय दडलेला असतो. मराठीत ‘ही कविताच नव्हे’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हाही वर्गीकरणाच्या शब्दांत असाच मूल्यनिर्णय दिलेला असतो.

‘सोलारिस’च्या बाबतीत हीच गोष्ट अधिक तीव्र होते. स्तानिस्लाव लेम यांची कादंबरी १९६१ची आणि तारकोव्हस्कीचा चित्रपट १९७२चा. एका दूरच्या ग्रहावरील सागर हीच एक अगम्य चेतना आहे. ती अभ्यासकांच्या स्मृतीतील माणसे सदेह उभी करते. लेम यांच्या कादंबरीचा गाभा ज्ञानमीमांसेचा आहे : मानवी नसलेल्या बुद्धीला मानवी बुद्धी जाणू शकेल काय? तारकोव्हस्कीने आपल्या चित्रपटात अपराधभाव, कुटुंब, पृथ्वीची ओढ यांना केंद्रस्थान दिले. लेम यांना हे मुळीच रुचले नाही. दिग्दर्शकाने आपल्या कादंबरीच्या जागी दस्तयेव्हस्कीच्या वळणाची अपराधाची कथा मांडली, अशा आशयाची त्यांची तक्रार प्रसिद्ध आहे. उलट तारकोव्हस्कीला आपला हा चित्रपट उणा वाटत राहिला तो नेमक्या विरुद्ध कारणासाठी : विज्ञानकथेच्या सरंजामातून तो पुरेसा सुटला नाही, ती मुक्ती पुढे ‘स्टॉकर’मध्ये (१९७९) अधिक साधली, असे त्याचे मत होते. म्हणजे एकच चित्रपट एकाच्या मते विज्ञानकथा म्हणून उणा पडतो आणि दुसऱ्याच्या मते विज्ञानकथा उरल्यामुळे उणा पडतो. ह्यूगोच्या विजेत्यांत ‘सोलारिस’ नाही आणि ‘स्टॉकर’ही नाही. याचे खापर केवळ भाषेच्या आणि वितरणाच्या अडचणींवर फोडता येणार नाही. प्रकाराच्या संकल्पनेतच असलेली ही ओढाताण त्यामागे आहे.

रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात कलेच्या संकल्पनेचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखविले. त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा की यांपैकी एका ध्रुवाला खरा आणि दुसऱ्याला खोटा ठरवून संकल्पना सुटसुटीत करता येत नाही. तिचे जिवंतपण या ताणातच असते. विज्ञानपटाच्या संकल्पनेलाही असे दोन ध्रुव आहेत. एक ज्ञानाचा, दुसरा विस्मयाचा.

३

डार्को सुविन यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मेटामॉर्फसीज ऑफ सायन्स फिक्शन’ या ग्रंथात ज्ञानध्रुवाची सर्वांत काटेकोर मांडणी केली. त्यांच्या मते विज्ञानकथेत अपरिचितीकरण आणि संज्ञान या दोन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. लेखकाच्या अनुभवविश्वात नसलेले एखादे नवतत्त्व कथेत येते आणि त्याचे परिणाम तर्काने उलगडत जातात. परीकथा आणि अद्भुतरम्य कथा अपरिचितीकरण करतात, परंतु त्यांत संज्ञान नसते; म्हणून त्या बाहेर. या निकषावर ‘स्टार वॉर्स’चे काय होईल, हे सांगावयास नको.

चाहत्यांची आवडती परिभाषा निराळी आहे. ज्यातून विस्मय जागा होतो ते खरे, असा निकष त्यांनी पूर्वापार वापरलेला आहे. संस्कृत साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला हा निकष परका वाटू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत हा आठ रसांपैकी एक आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव आहे. म्हणजे चाहते प्रकाराची व्याख्या रचनेवरून न करता रसावरून करतात. परंतु येथेच अडचण उभी राहते. महाभारतातील मयसभेत दुर्योधनाला स्थलाच्या जागी जल आणि जलाच्या जागी स्थल भासते, तेव्हाही निष्पत्ती अद्भुताचीच होते. केवळ विस्मय हा निकष मानला तर पुराण, परीकथा आणि विज्ञानकथा यांत भेद उरत नाही.

भेद विस्मयाच्या असण्यात नाही. तो कारणमीमांसेशी विस्मयाचे जे नाते असते त्यात आहे. पुराणातील अद्भुत कारण विचारू लागताच विरते; ते टिकते ते श्रद्धेच्या किंवा क्रीडेच्या आधाराने. जादूगाराच्या प्रयोगातील विस्मय युक्ती कळताच संपतो. विज्ञानकथेतील अद्भुताचे वैशिष्ट्य असे की तेथे कारण कळल्याने विस्मय वाढतो. ‘२००१’मधील प्रसिद्ध दृश्यसांध्याचा विचार करावा. आदिमानवसदृश वानराने हवेत भिरकावलेले हाड पडद्यावर फिरत असतानाच त्याच्या जागी अंतराळयान दिसू लागते. नुसते पाहिले तर ही आकारसाम्यावर आधारलेली एक चतुर जोडणी आहे. पण हाड हे पहिले हत्यार होते आणि यान हा त्याच हत्याराचा लाखो वर्षांनंतरचा वंशज आहे, हा कार्यकारणसंबंध लक्षात आला की तीच जोडणी भयचकित करते. येथे बुद्धी विस्मयाचा घात करीत नाही. ती त्याची उद्दीपन विभाव होते.

हा निकष मान्य केला तर ‘२००१’विषयीचा जुना मतभेदही उलगडतो. १९६८ साली हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा विज्ञानकथाक्षेत्रातूनच त्याला विरोध झाला. लेखक व समीक्षक लेस्टर डेल रे यांनी ‘गॅलक्सी’ मासिकात त्याच्यावर कडक टीका केली. चाहत्यांनी मात्र १९६९चा ह्यूगो त्यालाच दिला. विरोधकांना खटकत होता तो शेवटचा भाग. तेथे प्रकाशाच्या बोगद्यातून जाणाऱ्या नायकाला आणि प्रेक्षकाला कोणतेच स्पष्टीकरण मिळत नाही. म्हणजे आक्षेप असा होता की कारणाचा धागा सुटला आणि विज्ञानकथेचे अद्भुत पुराणाच्या अद्भुताकडे वळले. समर्थकांचे म्हणणे असे की कारण आहे, फक्त ते मानवी आकलनापलीकडचे आहे, आणि ही मर्यादा दाखविणे हेच चित्रपटाचे प्रतिपाद्य आहे. दोन्ही पक्ष एकाच निकषाच्या आधाराने बोलत होते. म्हणूनच त्यांचा मतभेद हा वाद होता. दोन परस्परांशी संबंध नसलेल्या आवडी नव्हत्या.

‘ब्लेड रनर’मध्ये हे नाते आणखी एक वळण घेते. कृत्रिम मानव आणि खरा मानव यांत भेद करण्यासाठी तेथे सहवेदनेची चाचणी घेतली जाते. म्हणजे मानवत्वाची एक कारणमीमांसा चित्रपट गृहीत धरतो. शेवटी मरणोन्मुख कृत्रिम मानव आपण पाहिलेल्या विलक्षण गोष्टी आठवतो आणि त्या आपल्याबरोबर नाहीशा होणार याची जाणीव व्यक्त करतो. तेथे विस्मय हा स्थायी न राहता करुणाचा पोषक होतो. अद्भुताची करुणात होणारी ही परिणती चाचणीची कसोटीच उलटी फिरवते. सहवेदना सिद्ध होते ती ज्याला मानव मानले नाही त्याची. या चित्रपटाविषयीची चाहत्यांची निष्ठा केवळ त्याच्या दृश्यवैभवावर आधारलेली नाही, असे म्हणावयास येथे आधार मिळतो.

४

परंतु ‘ब्लेड रनर’ श्रेष्ठ, असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा कोणता ‘ब्लेड रनर’? १९८२ साली प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत नायकाचे निवेदन होते आणि शेवट सुखद होता. हिरव्या निसर्गातून जाणाऱ्या मार्गाची त्यातील दृश्ये कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी चित्रित होऊन न वापरलेल्या भागांतून घेतली होती. या चित्रपटाला तिकीटबारीवर यश मिळाले नाही. त्याच उन्हाळ्यात आलेल्या ‘ई. टी.’ने प्रेक्षकांना जिंकले. तरीही १९८३ साली चाहत्यांनी ‘ई. टी.’ला मागे सारून ह्यूगो ‘ब्लेड रनर’ला दिला. पुढे १९९२च्या दिग्दर्शकीय आवृत्तीत निवेदन आणि सुखान्त दोन्ही वगळले गेले आणि एकशिंगी अश्वाचे स्वप्न आले; २००७ साली ‘अंतिम’ म्हणविणारी आवृत्ती निघाली. या स्वप्नामुळे नायक स्वतःच कृत्रिम मानव असावा, असा अर्थ बळावला. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी तो उघडपणे पुरस्कारिला. नायकाची भूमिका करणारे हॅरिसन फोर्ड यांचा त्याला विरोध राहिला.

याचा परिणाम असा की १९८३ साली चाहत्यांनी जी संहिता श्रेष्ठ ठरविली, ती आज बहुतेक चाहते श्रेष्ठ मानीत नाहीत. यादीत नाव एकच राहते, कृती मात्र बदललेली असते. मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न पाठचिकित्सेचा म्हणून सहज ओळखता येईल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हापासून ग्रंथाचे नाव आणि ग्रंथाचा पाठ एक नसतात याची जाण मराठी परंपरेला आहे. अर्थात दोन्ही प्रसंगांत भेद आहे. तेथे हरवत चाललेल्या मूळ पाठाचा शोध होता. येथे कर्ता हयात असून स्वतःच पाठ बदलतो आहे. पण चाहत्यांनी आवृत्त्यांची तुलना करून, एकेक दृश्य पडताळून, कर्त्याचा हेतू प्रमाण मानावा की संहितेचा पुरावा, यावर जो काथ्याकूट केला, तो समीक्षाव्यवहारच आहे. पदवी नसलेल्या हातांनी केला म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही.

५

मग यादीचे काय? २००४ साली ‘गार्डियन’ वृत्तपत्राने शास्त्रज्ञांचा कौल घेतला, त्यात ‘ब्लेड रनर’ पहिला आणि ‘२००१’ दुसरा आला. २००८ साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने अमेरिकी चित्रपटांपुरती जी यादी केली, तीत ‘२००१’ पहिला, ‘स्टार वॉर्स’ दुसरा आणि ‘ब्लेड रनर’ सहावा होता. २०२२ साली ‘साइट अँड साउंड’च्या दिग्दर्शकांच्या मतदानात ‘२००१’ सर्व प्रकारच्या चित्रपटांत पहिला आला. या कौलांची बेरीज करून ‘२००१’ची श्रेष्ठता सिद्ध झाली, असे म्हणता येईल काय? शास्त्रज्ञ, चित्रपटसंस्था आणि दिग्दर्शक यांनी एकाच चित्रपटाला निरनिराळ्या कारणांसाठी मत दिले असणे शक्य आहे. मतमोजणीत कारणे गळून पडतात. कारणे गळाली की उरते ती आकडेवारी, आणि आकडेवारीशी वाद घालता येत नाही.

अभिरुचीच्या निर्णयाविषयी कांटने जो पेच मांडला तो येथे मार्गदर्शक ठरतो. असा निर्णय प्रमाणांनी सिद्ध करता येत नाही, तरीही तो इतरांच्या संमतीवर हक्क सांगतो. म्हणून त्याविषयी वाद घालण्यात अर्थ असतो. संमतीवरचा हा हक्क मतदानाने पुरा होत नाही. तो कारणे देऊनच सांगावा लागतो. डब्ल्यू. बी. गॅली यांनी १९५६ साली मांडलेली ‘मूलतः वादग्रस्त’ संकल्पनांची कल्पनाही येथे उपयोगी आहे. काही संकल्पना मूल्यवाचक आणि अंतर्गत गुंतागुंतीच्या असतात. त्यांचा आदर्श नमुना सर्व पक्षांना मान्य असतो, पण त्यातील कोणत्या गुणामुळे तो आदर्श ठरतो यावर मतैक्य होत नाही. आणि हा वादच त्या संकल्पनेला विकसित ठेवतो. विज्ञानपटाच्या बाबतीत ‘२००१’ हा तसा नमुना आहे. तो पहिला की दुसरा हे गौण आहे. प्रत्येक नवा चित्रपट त्याच्याशी ताडून पाहावा लागतो, आणि ताडताना प्रत्येक पक्षाला आपला निकष उघड करावा लागतो, हे खरे महत्त्वाचे.

६

मराठी समीक्षेच्या दृष्टीने या विवेचनाला काही औचित्य आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेत जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने कथा पाठविली आणि तिला पारितोषिक मिळाले. तेथपासून २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत त्यांचा सन्मान झाला. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या कथांनी वाचकवर्ग निर्माण केला. तरीही विज्ञानकथेची चर्चा मराठीत प्रायः एकाच प्रश्नाभोवती घुटमळत राहिली : तीत विज्ञान किती आणि कथा किती? या प्रश्नाचे रूपच असे आहे की त्यात विज्ञान हा कथेच्या बाहेरून आत आणलेला माल ठरतो. मग एक पक्ष विज्ञानप्रसाराचे प्रमाणपत्र देतो, दुसरा वाङ्मयीन गुणांचा अभाव नोंदवितो, आणि विशिष्ट कथा श्रेष्ठ का, हा प्रश्न कोणीच विचारीत नाही.

चाहत्यांच्या वादातून घेण्यासारखे आहे ते हेच. ते ज्ञान आणि विस्मय यांचे माप वेगवेगळे घेत नाहीत. त्यांचे नाते जेथे सर्वांत घट्ट जुळले ती कृती शोधतात, आणि शोधताना भांडतात. मराठीतील कोणत्या विज्ञानकथेत कारण कळल्यावर विस्मय वाढतो, कोणत्या कथेत तो विरतो, आणि कोणत्या कथेत तो करुणाला वाट करून देतो, असा तपशीलवार वाद मराठीत व्हावयास हवा. तो झाल्याखेरीज या प्रकाराचा आदर्श नमुना मराठीत निश्चित होणार नाही, आणि नमुना नसेल तर त्याच्याविषयी मतभेदही संभवणार नाही. ज्या वाङ्मयप्रकारातील श्रेष्ठ कृती कोणती यावर कोणाचेच भांडण होत नाही, त्याला समीक्षेने आदर दिला असे म्हणता येत नाही. त्याला तिने केवळ सौजन्याने बाजूला ठेवलेले असते.